क्रॉफ्टरांची नातवंडं आणि चाकांवरचं घर

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्या शेजारच्या आजोबांनी उरलेल्या चौदा मेंढ्या मार्टात नेल्या. मार्ट म्हणजे इथला जनावरांचा लिलाव-बाजार. संध्याकाळी रिकामा ट्रेलर घेऊन परतले, पाइप लावून तो आतून-बाहेरून धुतला आणि मागचं दार उघडं टाकून घरात गेले. इतक्या वर्षांत ते दार रात्रभर उघडं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये त्याच जागेवर एक पांढरी मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी, येऊन उभी राहिली.

मी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला आले आणि पुढे शहराबाहेर पश्चिमेला एका गावात घर घेतलं. शेजारी हे दोघं. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६९ च्या. बारा एकर जमीन, मेंढ्या, कोंबड्या, बटाटे, एक कुत्रा. आजोबांचे आजोबा स्कॉटलंडच्या अगदी उत्तर किनाऱ्यावरच्या बेटीहिलचे क्रॉफ्टर. आजींचं माहेर वायव्येकडच्या लुईस बेटावर नेस भागातलं, तेही क्रॉफ्टरांचंच. पुण्याला आईला फोनवर हे सगळं सांगितलं, तर ती काळजीने म्हणाली, "अगं, एवढी जमीन असताना म्हातारी माणसं गाडीत कशाला राहतात? मुलं बघत नाहीत का?"

मुलं बघतात, चांगलं बघतात. पण आईला नीट उत्तर द्यायचं तर क्रॉफ्ट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, आणि ते फोनवर होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

क्रॉफ्ट म्हणजे घर नव्हे

सुट्टीच्या जाहिरातींमुळे क्रॉफ्ट म्हटलं की समुद्राकाठचं पांढरं टुमदार घर डोळ्यांसमोर येतं. खरं तर क्रॉफ्ट हा जमिनीचा तुकडा. त्याच्यावर घर असेल किंवा नसेलही. सरासरी आकार ५ हेक्टरांच्या आसपास, पण बेटांवर याहून कितीतरी लहान तुकडे आहेत. उत्तर आणि पश्चिम स्कॉटलंडमध्ये आणि बेटांवर मिळून अशा २० हजारांहून जास्त क्रॉफ्ट आहेत. बहुतेक क्रॉफ्टना गावाच्या सामाईक कुरणात वाटा असतो. आपल्या गायरानासारखंच हे, फक्त इथे प्रत्येकाने किती मेंढ्या आणि किती गाई सोडायच्या याचा आकडा ठरलेला असतो आणि त्यावर गावाची कुरण-समिती लक्ष ठेवते.

जमिनीचा मालक बहुतेक वेळा दुसराच असतो, एखाद्या मोठ्या इस्टेटीचा जमीनदार. क्रॉफ्टर हा त्याचं कूळ. मराठी माणसाला 'कूळ' हा शब्द सांगितला की अर्धं काम होतं, कारण कूळ आणि जमीनमालक यांच्यातली ओढाताण आपल्या कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे.

आता हे तुकडे इतके लहान का? मला हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. उत्तर असं की ते लहान राहिले नाहीत, ते लहान पाडले गेले.

अठराव्या शतकापर्यंत हायलंडमधली, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागातली माणसं आतल्या खोऱ्यांमध्ये वाड्या करून राहत. जमीन एकत्र कसायची, गुरं एकत्र राखायची. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेने बंड मोडलं, त्यानंतर टोळीप्रमुखांची जुनी सत्ता मोडली आणि ते हळूहळू नुसते जमीनदार उरले. त्यांना आता माणसांपेक्षा पैसा हवा होता, आणि पैसा होता चेव्हियट जातीच्या मेंढ्यांमध्ये. खोरी मोठमोठ्या मेंढपाळ-ठेकेदारांना द्यायची आणि माणसांना समुद्रकाठच्या खडकाळ पट्टीवर हलवायचं, असं सुरू झालं. तिथे केल्पचा धंदा होता. समुद्री शेवाळ जाळून त्याची राख करायची, ती साबण आणि काच बनवायला जायची. नेपोलियनच्या युद्धांमुळे बाहेरून येणारा माल अडला आणि या राखेला सोन्याचा भाव आला. शेवाळ गोळा करायला मजूर हवे होते. ज्याचं पोट शेतीवर भरतं तो थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून शेवाळ कशाला कापेल? म्हणून जमीन दिली ती पोट भरणार नाही इतकीच. युद्ध संपलं, केल्पचा भाव कोसळला, आणि तीच माणसं जमीनदारांना नकोशी झाली. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला तेव्हा तर बोटी भरभरून लोक कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेले.

आजोबांचं मूळ खोरं स्ट्रॅथनेव्हर. सदरलंडच्या इस्टेटीने ते १८१४ मध्ये आणि मग १८१९ मध्ये मोठ्या प्रमाणावर रिकामं केलं. इस्टेटीचा माणूस पॅट्रिक सेलर. लोक परतू नयेत म्हणून घरांच्या छपरांची लाकडं जाळली. झाडं नसलेल्या मुलखात छपराचं लाकूड ही घरातली सगळ्यात मोलाची वस्तू; माणसं घर बदलताना ते लाकूड बरोबर नेत. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. खोऱ्यातली माणसं उत्तर किनाऱ्यावर आली, तिथे त्यांना वाऱ्यावरचे तुकडे मिळाले. बेटीहिल त्यातलंच.

राहण्याचा हक्क, राहण्याचं बंधन

पुढे लोक चिडून उठले. १८८२ मध्ये स्काय बेटावर ब्रेज इथे कुरणाच्या हक्कावरून ग्लासगोहून आलेल्या सुमारे ५० पोलिसांशी गावकऱ्यांची झटापट झाली, आणि दगडं मारण्यात बायका पुढे होत्या. १८८३ मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८८६ मध्ये कायदा आला. भाडं वाजवी ठरेल, भाडं भरणाऱ्या कुळाला हुसकता येणार नाही, त्याने जमिनीत केलेल्या सुधारणांची भरपाई मिळेल, आणि हक्क वारसाला देता येईल. आधी हिसकावलेली खोरी मात्र कुणाला परत मिळाली नाहीत, आणि ज्यांच्याकडे तुकडाही नव्हता त्या भूमिहीनांना या कायद्याने फारसं काही दिलं नाही.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. क्रॉफ्टरांचं तसं झालं नाही. ते कूळच राहिले, फक्त हलवता न येणारं कूळ. जमीन विकत घेण्याचा हक्क त्यांना १९७६ मध्ये मिळाला, तोही वार्षिक भाड्याच्या १५ पट किमतीला. भाडी इतकी कमी होती की ही किंमत म्हणजे जवळजवळ काहीच नव्हती. तरीही निम्म्याहून जास्त क्रॉफ्टर आजही कूळच आहेत, कारण कूळ म्हणून मिळणारं संरक्षणच त्यांना पुरेसं वाटतं. १९९३ मध्ये वायव्य किनाऱ्यावरच्या ॲसिंटच्या क्रॉफ्टरांनी वर्गणी काढून आख्खी इस्टेटच विकत घेतली. आजी त्या वेळच्या बातम्यांची आठवण सांगतात तेव्हा अजूनही त्यांचा आवाज भरून येतो.

आता या हक्काची दुसरी बाजू, जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. जमीन अडवून ठेवणारे आणि शहरात राहणारे क्रॉफ्टर वाढले तर गावं ओस पडतील, म्हणून कायद्याने क्रॉफ्टरवर तीन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. त्याने क्रॉफ्टवर किंवा क्रॉफ्टपासून ३२ किलोमीटरच्या आत राहायचं. जमीन कसायची किंवा दुसऱ्या काही ठोस कामासाठी वापरायची. आणि तिची हेळसांड करायची नाही. स्वतः मालक झालेल्या क्रॉफ्टरलाही हेच लागू. दरवर्षी क्रॉफ्टवर देखरेख करणाऱ्या सरकारी क्रॉफ्टिंग कमिशनला फॉर्म भरून कळवावं लागतं की मी हे पाळतो आहे. क्रॉफ्ट दुसऱ्याच्या नावावर करायची असेल, पोटकुळाला द्यायची असेल, किंवा काही काळ लांब राहायचं असेल तर आधी कमिशनची परवानगी घ्यावी लागते.

म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी "आम्हाला इथून हलवू नका" म्हणून दगड उचलले, त्यांच्या नातवंडांना कायदा सांगतो, "इथेच राहा." मला हा कायदा पटतो. तो नसता तर बेटांवरच्या आणखी कितीतरी शाळा बंद पडल्या असत्या असं मला वाटतं. पण वय झाल्यावर त्याचा भार जाणवतो.

तीन वर्षांपूर्वी आजींच्या थोरल्या भावाने त्यांना विचारलं, नेसची क्रॉफ्ट तुझ्या नावावर करू का? आजींनी आठवडाभर विचार केला. उन्हाळाभर फिरून आलं तर कुणी हरकत घेत नाही, कायदा पाहतो तो तुमचं नेहमीचं घर कुठे आहे हे. पण त्यांचं नेहमीचं घर इथे होतं, मुलं-नातवंडं इथे, आजोबांचा हृदयाचा डॉक्टर इथे. त्या म्हणाल्या, "मी नाव लावीन आणि तिथे राहणार नाही, म्हणजे कुणा तरुण जोडप्याचं घर अडवीन." क्रॉफ्ट भाचीला गेली. ती तिथेच राहते, शाळेत शिकवते, चाळीस मेंढ्या राखते.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. आमच्या शेजाऱ्यांची स्वतःची बारा एकर म्हणजे क्रॉफ्ट नव्हे, ती साधी मालकीची जमीन. अशा शेतकऱ्याला स्मॉलहोल्डर म्हणतात. त्याच्यावर ३२ किलोमीटरचं बंधन नाही. त्याला कायदा बांधत नाही, जनावरं बांधतात.

जनावरं आणि रजा

ज्याच्या घरी गोठा आहे त्याला हे समजवावं लागत नाही. नोव्हेंबरात मेंढे कळपात सोडायचे, हिवाळाभर चारा घालायचा, एप्रिलमध्ये मेंढ्या वितात तेव्हा रात्री दर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन फिरायचं, मग लोकर, मग गवत कापून वाळवणं. या दोघांचा ४१ वर्षांच्या संसारातला सगळ्यात लांब एकत्र प्रवास चार दिवसांचा होता, तोही एका लग्नासाठी. कुणीतरी एक जण कायम घरी.

म्हणून अशी माणसं मेंढ्या विकल्यावर मोटरहोम घेतात तेव्हा मला ती चैन वाटत नाही. हॉटेलात यांचा जीव रमत नाही. पहाटे पाचला उठायची सवय, स्वतःच्या चहाची सवय, कुत्रा बरोबर हवा. शिवाय यातली बरीच कामं त्यांना आधीपासून येतात. ट्रेलर उलटा घ्यायची सवय असलेल्या माणसाला अरुंद रस्त्यावर मोठी गाडी मागे घेण्याचं काही वाटत नाही. गॅसची टाकी, पाण्याची पंप-मोटर, बॅटरी, गळका सांधा, हे त्यांचं रोजचंच काम.

आणि एक गोष्ट आजींनी सांगितली, ती ऐकल्यावर माझ्या मनातलं चित्रच बदललं. लुईसवर पूर्वी उन्हाळा लागला की बायका-मुली गुरं घेऊन आतल्या माळावर जात. तिथे दगड आणि गवताच्या ढेकळांच्या लहान झोपड्या असत, गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, त्याला आरी म्हणतात. काही आठवडे तिथेच राहायचं, दूध काढायचं, लोणी आणि चीज करायचं, आणि त्या काळात गावाजवळची पिकं गुरांपासून वाचायची. आजींची आई मुलगी असताना गेली होती. तिच्या आठवणीत वर्षातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. क्रॉफ्टरांचं आयुष्य एका जागी खिळलेलं होतं असं आपण समजतो, पण त्यात दरवर्षी एक उन्हाळी घर होतंच. आजी मोटरहोमला सरळ 'आरी' म्हणतात.

गाडीचं वजन, माणसाचं वय

आता व्यवहाराचं बोलू. ब्रिटनमध्ये साध्या गाडीच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतची मोटरहोम चालवता येते. ज्यांनी १ जानेवारी १९९७ च्या आधी परीक्षा पास केली, त्यांना ७,५०० किलोपर्यंतचा परवाना आपोआप मिळालेला असतो. पण ७० वर्षं पूर्ण झाली की लायसन्स नव्याने काढावं लागतं, नंतर दर ३ वर्षांनी पुन्हा, आणि तो जड गाडीचा हक्क टिकवायचा तर डॉक्टरकडून तपासणीचा फॉर्म भरून आणावा लागतो. नजर किंवा हृदय त्यात बसलं नाही तर परवाना ३,५०० किलोवर येतो. आयुष्याची पुंजी घालून मोठी गाडी घ्यायची आणि वर्षाने ती चालवता येऊ नये, असं बऱ्याच जणांचं होतं. आजोबांनी म्हणूनच ३,५०० किलोची घेतली.

हा आकडा रिकाम्या गाडीचा नव्हे, सगळं भरल्यावरचा. आजोबांनी वहीत लिहिलेला हिशेब मी पाहिला. गाडी, इंधन आणि चालक धरून ३,०५० किलो. उरले ४५०. आजी ६८, कुत्रा २०, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, गॅसच्या दोन टाक्या २८, बाहेरचा मांडव ३०, कपडे-भांडी-किराणा १२०. शिल्लक ८४. मग गाडी वजनकाट्यावर नेऊन खात्री केली. जास्त भरली तर दंड होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे उतारावर ब्रेक आणि टायर दगा देतात. ॲपलक्रॉसचा बेलॅख ना बा घाट ६२६ मीटर उंचीवर जातो आणि त्याच्या पायथ्याशी मोठ्या गाड्यांनी आणि नवशिक्यांनी येऊ नये अशी पाटीच आहे. नॉर्थ कोस्ट ५०० हा इन्व्हरनेसपासून निघून तिथेच परतणारा ५१६ मैलांचा मार्ग २०१५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्या घाटात अडकलेल्या गाड्या ही उन्हाळ्यातली नित्याची बाब झाली आहे.

एकेरी रस्त्यावर ठराविक अंतरावर रुंद जागा केलेली असते, पासिंग प्लेस. समोरून गाडी आली की आपल्या डाव्या हाताच्या जागेत थांबायचं, ती उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं. मागून कुणी आलं तरी थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचं, आणि हेच पाहुण्यांना ठाऊक नसतं. मागची गाडी नर्सची असते, शाळेच्या बसची असते. तिथे रात्री गाडी लावून झोपणं तर अगदी चूक.

मग झोपायचं कुठे? स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कुणाच्याही मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा, तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे, आणि लोक समजतात की तो मोटरहोमलाही आहे. नाही. तो हक्क मोटारगाड्यांना लागू होत नाही, मालकाची परवानगी लागते. म्हणून आजी-आजोबा शोधतात त्या मोटरहोमवाल्यांच्या क्लबच्या सदस्यांसाठी असलेल्या छोट्या जागा, जिथे पाचच गाड्या उभ्या राहू शकतात. त्यातल्या कितीतरी जागा क्रॉफ्टवरच आहेत. क्रॉफ्टरला रात्रीचे थोडे पैसे मिळतात, अंडी विकली जातात, आणि संध्याकाळी फाटकावर उभं राहून मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलायला कुणीतरी मिळतं.

याच संदर्भात एक सल मनात आहे. पिढ्यान्‌पिढ्या या रस्त्यांवर राहिलेल्या जिप्सी-ट्रॅव्हलर समाजाच्या मुक्कामाच्या किती तरी जागा मोठे दगड टाकून बंद केल्या गेल्या. निवृत्त जोडप्याच्या पांढऱ्या गाडीकडे लोक हसून हात करतात आणि त्यांच्या गाड्यांकडे संशयाने बघतात. हे अन्यायाचं आहे, आणि आजोबाही ते मोकळेपणी बोलतात.

संडासाबद्दल लिहायला संकोच नको, कारण गावकऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार त्याचीच असते. मोटरहोममध्ये चाकं लावलेल्या सुटकेसएवढी एक टाकी असते, ती दर दोन-तीन दिवसांनी नेमलेल्या जागीच रिकामी करायची. टाकीत घालायचं नेहमीचं निळं रसायन घराच्या सेप्टिक टँकमधले कामाचे जिवाणू मारतं, आणि क्रॉफ्टवरच्या घरांना बहुधा सेप्टिक टँकच असतो. म्हणून तिथे हिरवं, जिवाणूंना न मारणारं रसायन वापरतात.

ते जातात कुठे

पहिल्या उन्हाळ्यात दोघं ए९ रस्त्यावरून उत्तरेला गेले. केथनेसच्या कड्यावर बॅडबे नावाचं ओसाड गाव आहे, गाडी रस्त्याकडेला लावून चालत जावं लागतं. आजूबाजूच्या खोऱ्यांतून हाकललेल्या लोकांना तिथे वसवलं होतं. उतार इतका तीव्र आणि वारा असा की मुलांना आणि जनावरांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. तिथून न्यूझीलंडला गेलेल्या एकाच्या मुलाने १९११ मध्ये उभारलेलं स्मारक आहे. मग आर्डगेहून आत, एकेरी रस्त्याने क्रॉइकच्या चर्चला. १८४५ च्या मे महिन्यात ग्लेनकॅल्व्हीहून काढलेली कुटुंबं या चर्चच्या आवारात आडोसा करून राहिली आणि त्यांनी खिडकीच्या काचांवर बाहेरून अक्षरं कोरली. गेलिक बोलणाऱ्या लोकांनी ती इंग्रजीत कोरली. आपल्यावरचा हा प्रसंग आपल्याच पापाचं फळ असावं, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. आजी म्हणाल्या, "वाचायला काचेजवळ गेले तर माझाच चेहरा त्या अक्षरांमागे दिसला." त्या दिवशी पुढे कुठे गेले नाहीत.

स्ट्रॅथनेव्हरमधलं रोसल हे आजोबांना पाहायचं होतं. आता तिथे घरांच्या जोत्यांच्या ओळी गवतात दिसतात, बाकी काही नाही. ते तासभर फिरले. परत आल्यावर मी विचारलं, काय वाटलं? ते म्हणाले, "गवत चांगलं आहे. दोनशे वर्षांनीही कळतं, इथे शेणखत पडायचं." मेंढ्या राखलेल्या माणसाने पाहिलेली ही गोष्ट मला स्वतःहून कधीच दिसली नसती.

या मेमध्ये ते उल्लापूलहून बोटीने लुईसला निघाले. बोटीचं भाडं गाडीच्या लांबीवर असतं आणि मोठ्या गाडीची जागा महिनोन्‌महिने आधी धरावी लागते, ती आजींनी जानेवारीतच धरली होती. निघायच्या आदल्या दिवशी आजोबांनी वही काढून गाडीतलं सामान पुन्हा तपासलं. पलंगाखाली एक लांब दांड्याचं हत्यार होतं, पीट कापायचं. पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती. मेमध्ये विटांसारखी कापून वाळत घालतात, उन्हाळ्याअखेर घरी आणतात. या हत्याराला गेलिकमध्ये तारश्कर म्हणतात, आणि हे आजींच्या आईचं. आजोबांनी ते स्नानगृहातल्या काट्यावर ठेवलं आणि वहीत लिहिलं, ३ किलो. शिल्लक ८१.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. आत्याला विचारत होती, हिरवं रसायन घेतलंस ना? आणि गाडी गोठ्यामागे लाव, पुढच्या कुरणात कोकरं आहेत.